खिडकीखालची पिन

थोरल्याने लावलेली पिन हलत नाही. ओढा, आपटा, पोरांना तिच्यावर झोके घेऊ द्या. वायर तुटेल, भिंतीतला बोर्ड उपटून हातात येईल, पण पिनेतली तार जागची हलणार नाही. हे थोरला स्वतःच सांगायचा, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. सातवी नापास माणूस. पण पिन कशी लावायची हे विचारायला त्याच्याकडे इंजिनियर यायचे. एक आला होता. एक म्हणजे काय कमी झाला?

गल्लीत त्याला पिनकाका म्हणत. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडे टेबल, पलीकडे खाट आणि स्टोव्ह. डोक्यावरून दिवसभर माणसं चढत-उतरत. वरच्या बिऱ्हाडातले लोक त्याला कितपत ओळखत कोण जाणे, त्याला मात्र सगळ्यांच्या चपला पाठ होत्या. दुसऱ्या मजल्यावरची बाई आज दमलेली आहे, तिसऱ्या मजल्यावरच्याने नवे बूट घेतलेत, हे त्याला खाली बसून कळायचं. सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता.

काम एकच. घरात जे जे वाजतं त्याच्या वायरी आणि पिना बदलायच्या. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर. आतला बिघाड निघाला तर तो हात लावायचा नाही. "पोटाचा डॉक्टर वेगळा. मी शेपटीचा डॉक्टर," असं म्हणून गिऱ्हाईकाला पुढच्या चौकात पाठवायचा. पण शेपटी म्हणाल तर त्याच्याकडेच. उंदराने कुरतडलेली, इस्त्रीने भाजलेली, कपाटाच्या पायाखाली चेंगरलेली. जुनी वायर तो मुळापासून कापायचा. नवीन वायर सोलायची, तारांचे केस पिळायचे, दुहेरी दुमडायचे आणि स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने फिरवायचे, म्हणजे स्क्रू आवळला की तारही आवळत जाते. लाल आणि काळी तार मापात. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, बोटभर लांब. का? कुणी हिसका मारलाच, तर आधी लाल आणि काळी सुटल्या पाहिजेत, आणि हिरवी सगळ्यात शेवटी. करंट आहे तोवर माणसाला सांभाळणारी तार जागेवर पाहिजे. बाजारात बसलेले बाकीचे तिन्ही तारा एका मापात कापून मोकळे होतात. थोरला त्यांना न्हावी म्हणायचा.

पिन लावली की वाजवून बघायचं. पिन गरम होते का हे कळायला अर्धा तास पुरतो. थोरल्याला दिवस लागायचा. कधी दोन दिवस. शिंप्याचा रेडिओ चार दिवस राहिला, तेव्हा बातम्या देणाऱ्या बाईला थोरला उलट उत्तरं द्यायला लागला होता. "पाऊस येणार म्हणते! काल पण म्हणाली होतीस." शिंपी येऊन रेडिओ घेऊन गेला आणि खोली एकदम मोठी झाली. त्या दिवशी त्याने स्टोव्ह लवकर पेटवला, निदान तो तरी फरफरतो म्हणून.

आताशा गिऱ्हाईकं कमी झाली होती. नवीन वस्तूंच्या वायरी दोन्हीकडून उपसून निघतात. खराब झाली की फेकायची, पिशवीतली नवी घ्यायची. पिन कशी लावलीय हे बघायला उघडतासुद्धा येत नाही. "झाकणच नाही, म्हणजे आत काहीतरी लपवायचंय," थोरला म्हणायचा. हेही तो स्टोव्हलाच सांगायचा.

असं नेहमीच नव्हतं. त्याला एक भाऊ होता. होता म्हणजे आहे, धडधाकट आहे, पाऊण तासाच्या वाटेवर राहतो. बारा वर्षांनी धाकटा. वडील गेले तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि वडिलांमागे राहिलं काय, तर एक रेकॉर्ड प्लेयर, एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि पंचवीसेक रेकॉर्डी. थोरल्याने धाकट्याला वाढवलं, शिकवलं, हाताखाली घेतलं. लग्न करायचं राहून गेलं. आधी वेळ नव्हता, मग वय नव्हतं.

धाकट्याचा हात चांगला होता, पण प्रश्न फार. एकदा दोघं एका डॉक्टरच्या घरी गेले होते. त्यांचा रेकॉर्ड प्लेयर अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की स्पीकरमधून घूं घूं आवाज यायचा. थोरल्याने तीन तास सगळं उलटंपालटं केलं. शेवटी वैतागून दोन्ही पिना एकाच बोर्डावर लावल्या आणि आवाज बंद. 

"असं कसं झालं रे अण्णा?" धाकट्याने परतताना विचारलं. 

"सोपं आहे. दोन भिंतींवर दोन पिना लावल्या, की जमिनीत जाताना दोन अर्थिंगं एकमेकांशी भांडतात. एका बोर्डावर आली की गप्प बसतात." 

"हे तू कुठे शिकलास?" 

"शिकायला कशाला लागतं? डोकं लागतं." 

धाकट्याने मान डोलावली होती. तेव्हा तो डोलवायचा.

धाकट्याने पुढे स्वतःचं दुकान टाकलं, लग्न केलं, मुलगी झाली, घर घेतलं. नवं घर बघायला त्याच्या सासरची मंडळी जमली होती. थोरला खुशीत होता. चहा घेता घेता म्हणाला, "ह्या घराची वीट न् वीट माझ्या पिनांवर उभी आहे. ह्याला मी शिकवलं नसतं तर आज ह्याला साधी पिन लावता आली नसती." लोक हसले. लोक हसले म्हणून त्याने परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा धाकट्याने कप खाली ठेवला. 

"अण्णा, आजपासून तुझी पिन तू लाव, माझी मी लावतो." 

सगळे पुन्हा हसले. थोरलाही हसला. धाकटा एकटाच हसत नव्हता, हे घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात वाटणी झाली. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर थोरल्याकडे, रेकॉर्ड प्लेयर आणि रेकॉर्डी धाकट्याकडे. एकाशिवाय दुसरं मुकं. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. नऊ वर्षं झाली. अ‍ॅम्प्लिफायर खाटेशेजारी टॉवेलखाली बसून होता. आठवड्यातून एकदा थोरला टॉवेल झटकायचा.

तर एका सकाळी एक मुलगी चादरीत गुंडाळलेली जड वस्तू घेऊन दारात उभी राहिली. 

"पिनकाका, येऊ का आत?" 

थोरल्याने मान वर केली नाही. चादरीतून लाकडाचा एक कोपरा डोकावत होता. "टेबलावर ठेव. सावकाश. पलीकडच्या कोपऱ्याचा टवका आधीच उडालाय." 

"अगंबाई! चादर तर अजून काढली नाही." 

"तुझ्या बापाने पाडला होता. मी ओरडलो तर म्हणाला, टेबलच वाकडं आहे." मग त्याने वर बघितलं. नाक आईचं होतं, म्हणजे त्याच्या आईचं. पंधरा वर्षांची असताना पाहिलेली पुतणी आता चांगली चोवीसची झाली होती, खांद्याला पर्स, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. "मोठी झालीस." 

"तेवढं तर सगळ्यांनाच जमतं, काका." 

"काय करतेस?" 

"दवाखान्यात रक्त तपासते." 

"आमच्या घराण्यात सगळे तपासणारेच," थोरला म्हणाला. खुर्चीवरच्या वायरी उचलून त्याने तिला बसायला जागा केली. "बापाने पाठवलं?" 

"पाठवलं असं नाही. म्हणाले, वायर बदलायचीच असेल तर त्या माणसाकडे ने." 

"त्या माणसाकडे." 

"हो." 

"नाव नाही घेतलं?" 

"नाही घेतलं," ती म्हणाली आणि घाईने पुढे बोलली, "नवीन अ‍ॅम्प्लिफायर आणलाय बाबांनी. त्याला हा जोडला की नुसतं घूं घूं होतं. बाबा म्हणतात वायर गेली." 

"उद्या संध्याकाळी ये."

ती गेली. थोरल्याने दार लोटून घेतलं, हे तो कधी करत नसे. वायर खरोखरच गेली होती, एका जागी चिरून आतले रंग दिसत होते. ताणून ताणून चिरावी तशी. त्याने पिनेचा स्क्रू काढला, झाकण उघडलं आणि तसाच बसून राहिला. तारांचे केस दुहेरी दुमडलेले. स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने. लाल आणि काळी मापात, हिरवी बोटभर लांब. वडिलांच्या वेळची पिन काळी होती, ही पांढरी. म्हणजे नऊ वर्षांत कधीतरी धाकट्याने स्वतः लावलेली. थोरल्याने वायर धरून जोर लावून ओढली. हलली नाही.

एकच गोष्ट त्याला कळेना. वायर साडेतीन मीटर लांब होती. रेकॉर्ड प्लेयर अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी बसतो. त्याला दीड मीटर वायर रग्गड झाली. "माप घ्यायला विसरला गडी," थोरला मोठ्याने म्हणाला. पण गिऱ्हाईकाचं माप ते गिऱ्हाईकाचं माप. त्याने साडेतीन मीटरच नवीन वायर कापली.

मग खाटेशेजारचा टॉवेल काढला. दुसरा कुठला अ‍ॅम्प्लिफायर दुकानात नव्हता, म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. रेकॉर्ड प्लेयरची पिन टेबलामागच्या बोर्डावर लावली, अ‍ॅम्प्लिफायरची खाटेजवळच्या. स्पीकर घुमायला लागले. घूं. थोरला हसला. डॉक्टरच्या घरचंच दुखणं. त्याने खाटेजवळची पिन उपसली आणि टेबलामागच्या बोर्डावर दुसरीच्या शेजारी खुपसली. गप्प. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, तरी गप्प. नुसती तबकडी फिरत होती. नऊ वर्षांनी दोघं एकत्र आले होते आणि लावायला एक रेकॉर्ड नव्हती. सगळ्या धाकट्याकडे.

तो ती फिरणारी रिकामी तबकडी बघत बसला. जिन्यावरून कोणी तरी उतरलं. कोण ते त्याने ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणी आली. "झालं, काका?" 

"माझ्याकडे आलं म्हणजे झालंच." त्याने चादरीची घडी उलगडली. "घरी लावलंय कसं?" 

"कसं म्हणजे? दोन्ही फळीवर. अ‍ॅम्प्लिफायरची पिन तिथेच मागे, ह्याची खिडकीखाली." 

"दोन भिंतींवर?" 

"बाबांनीच लावलंय. मला हात लावू देत नाहीत." 

दोन्ही पिना एका बोर्डावर लावा. एवढंच सांगायचं होतं. वाक्य ओठावर आलं होतं. सांगितलं की धाकटा घरी जाऊन तसं करील, आवाज थांबेल, रेकॉर्डी वाजतील. आणि मग हा रेकॉर्ड प्लेयर ह्या टेबलावर परत कशाला येईल? ही पोरगी तरी कशाला येईल? 

"घेऊन जा," थोरला म्हणाला. "वाजवून बघा. काही राहिलं तर सांगा." 

"राहील कसं? तुमची पिन म्हणे हलत नाही." 

"कोण म्हणतं?" 

"बाबा. आमच्याकडे कुणी अर्धवट काम केलं की ऐकवतात." 

थोरल्याने चादरीची गाठ बांधायला सुरुवात केली. ती एकदा बांधली, सोडली, परत बांधली.

ती गेल्यावर त्याचं मन लागेना. उभ्या जन्मात त्याच्या टेबलावरून घुमणारी वस्तू बाहेर गेली नव्हती. आपल्या हाताने, माहीत असून, ही पहिलीच. तो स्वतःची समजूत घालत होता, वायरमध्ये तर खोट नाही ना? पिनेत तर नाही? मग? पण ज्याला अख्ख्या बाजाराने फसवलं नाही त्याने स्वतःला किती फसवावं? दोन दिवस गेले, चार गेले. दारात सावली पडली की तो वर बघायचा. एकदा शिंपी होता. एकदा वीज मीटर वाचणारा. तो बरोबर जिन्याखाली उभा राहून म्हणाला, "काका, तुमचं मीटर फारच हळू फिरतंय, काय उपाशी राहता की काय?" थोरल्याने त्याला बसवून घेतलं आणि पिनेतल्या हिरव्या तारेबद्दल सगळं सांगितलं. मीटरवाला पुन्हा त्या गल्लीत आला तेव्हा बाहेरच्या बाहेर गेला.

नवव्या दिवशी पुतणी आली. हात मोकळे. 

"काका, आवाज आहे तसाच आहे." 

थोरल्याने हातातली पक्कड खाली ठेवली. आनंद म्हणावा तर लाज वाटत होती. "मग आणायचा ना इकडे." 

"बाबा नको म्हणाले. उगाच ने-आण नको म्हणे." तिने पर्सचा पट्टा सारखा केला. "रागावू नका. ते म्हणाले, अण्णाचा हात गेला आता." 

"काय म्हणाला?" 

"हात गेला." 

"ते नाही. कुणाचा?" 

"अण्णाचा." 

थोरला उठला, पडद्यामागे गेला, कारण नसताना स्टोव्ह पुसला आणि परत आला. "हात गेला म्हणतो! ज्या हाताने त्याला जेवायला शिकवलं तो हात! रविवारी येतो म्हणावं. पक्कड, टेस्टर, सगळं घेऊन येतो. घरी थांब म्हणावं त्याला." 

"सांगते," ती हसली. "एवढं मोठ्याने मात्र नाही सांगत."

रविवारी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत अवजारं भरली. ह्या कामाला एकही अवजार लागणार नव्हतं. वाटेत त्याने काय बोलायचं ते ठरवलं. आधी आपण बोलायचं नाही. धाकटा बोलला की बोलायचं. धाकटा म्हणेल, ये अण्णा. मग आपण म्हणायचं, येतो, पण आधी काम. हे त्याला पसंत पडलं. पाऊण तासात त्याने ते दहा वेळा घोकलं.

दार पुतणीने उघडलं. तिचं तोंड उतरलेलं होतं. "काका, बाबा आत्ताच बाहेर गेले. दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मी सांगितलं होतं हो त्यांना." 

"असेल काही काम." 

"रविवारी कसलं काम? आई माहेरी गेलीय, घरात मी आणि ते. बसा, मी चहा टाकते." 

टेबलावर एक कप होता, अर्धा प्यायलेला. थोरल्याने सहज बोट लावलं. गरम होता.

खोलीत एका भिंतीला लाकडी फळी होती. तिच्यावर रेकॉर्ड प्लेयर, शेजारी नवा अ‍ॅम्प्लिफायर, दोन टोकांना त्याचे स्पीकर. खाली रेकॉर्डी उभ्या रचलेल्या, वडिलांनी लावलेल्या क्रमाने. रेकॉर्ड प्लेयरची वायर फळीवरून निघून खोली ओलांडून खिडकीखालच्या बोर्डापर्यंत गेली होती. साडेतीन मीटर पुरेपूर, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली. जाता-येता पायात यावी अशी. थोरला चरफडला. अशाने चिरणारच वायर. त्याने फळीमागे डोकं घातलं, अ‍ॅम्प्लिफायरची पिन कुठे आहे ते बघायला.

मागे बोर्ड होता. दोन पिनांची जागा असलेला. एकीत अ‍ॅम्प्लिफायरची पिन. दुसरी जागा रिकामी.

थोरला वाकलेलाच राहिला. इथे हातभर अंतरावर जागा रिकामी असताना ज्याने साडेतीन मीटर वायर मुद्दाम खिडकीखाली ओढून नेली, तो डॉक्टरच्या घरची गोष्ट विसरलेला नव्हता. बारीकसारीक प्रश्न विचारणारा पोरगा. तो काही विसरणारा नव्हे. वायर जुनी, अ‍ॅम्प्लिफायर नव्हता तेव्हाची; तेव्हा पिन कुठेही लावली तरी चालत होतं. नवा अ‍ॅम्प्लिफायर आत्ताचा. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणला, आवाज घुमला, काय करायचं ते त्याला पहिल्या मिनिटाला माहीत होतं. त्याने केलं नाही. पोरीला म्हणाला, त्या माणसाकडे ने.

आणि आज माणूस येतोय म्हटल्यावर गरम चहा टाकून पळाला.

थोरल्याने उठून दोन्ही वस्तू चालू केल्या. घूं. मग खिडकीखालची पिन काढली, वायर गोळा करत फळीपाशी आला आणि रिकाम्या जागेत खुपसली. खोली एकदम गप्प झाली. आत चहा उकळल्याचा आवाज येत होता, तेवढाच. झालं होतं काम. आता हात धुवायचे, चहा प्यायचा, पोरीला म्हणायचं, सांग तुझ्या बापाला कुणाचा हात गेला ते. नऊ वर्षं असं काहीतरी म्हणायला तो जिभेवर धार लावून बसला होता.

त्याने पिन उपसली. वायर परत ताणत नेली आणि पिन खिडकीखाली होती तशी लावली. स्पीकर घुमायला लागले.

पुतणी चहा घेऊन आली. "अजून येतोच आहे की आवाज." 

"येतोय." 

"म्हणजे जमलं नाही?" तिला खरं वाटेना. "तुम्हाला?" 

थोरल्याने कप घेतला. पहिला घोट घेऊन तोंड भाजून घेतलं. "नाही जमलं," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडात असे बसले, जशी दुसऱ्याची चप्पल पायात बसते. 

"बाबा ऐकून हवेतच जातील." 

"जाऊ दे. सांग त्याला, अण्णाला जमलं नाही. अस्संच सांग. आणि पुढच्या रविवारी परत येतो म्हणावं. पण हे एकट्याचं काम नाही. मी फळीमागे असताना खिडकीपाशी एक माणूस लागेल." 

"मी आहे ना." 

"तू नको. पिन लावता येणारा माणूस पाहिजे." 

तिने खिडकीखालच्या पिनेकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि तेव्हाही बाहेर गेले तर?" 

"तर त्याच्या पुढच्या रविवारी." त्याने पिशवी उचलली. टेबलावरचा अर्धा कप झाकून ठेवायला त्याने बशी शोधली, सापडली नाही, मग आपल्याच कपाखालची बशी त्यावर ठेवली.

रस्त्यावर आल्यावर तो क्षणभर थांबला. वरच्या उघड्या खिडकीतून आवाज खाली येत होता, बारीक, एकसारखा. पुतणी बंद करायला विसरली होती. समोरच्या पानाच्या टपरीशी पाठ करून एक माणूस उभा होता, खांदे जरा पडलेले, डोक्यावर केस विरळ. असेल कोणीही. नऊ वर्षांत माणसाची पाठ किती बदलते, ते थोरल्याला माहीत नव्हतं. त्याने हाक मारली नाही. जरा वेळ बघितलं आणि तो चालायला लागला, मागे वळून न बघता, सावकाश, म्हणजे कुणाला गाठायचंच असेल तर गाठता यावं.

घरी येऊन त्याने टॉवेल झटकला आणि अ‍ॅम्प्लिफायरवर नीट पसरला. जिन्यावर पावलं वाजली. दुसऱ्या मजल्यावरची बाई. आज दमलेली नव्हती.